काजव्यांचा रकाना

मूल पळता पळता चौकटीला आपटलं की कपाळ चोळत सांगतं, "डोळ्यांपुढे काजवेच चमकले!" गंमत अशी, की हे सांगणाऱ्या आमच्या जालन्यातल्या कितीतरी पोरांनी खरा काजवा पाहिलेलाच नसतो. काजवा खरंच गेला, की आपणच बघायचं सोडलं, हा प्रश्न गेले दोन-तीन उन्हाळे डोक्यात घोळतोय. थोडं वाचलं, थोडं घरातल्या मोठ्यांना विचारलं. ते आज इथे मांडते आहे.

काजव्याची आणि आपली ओळख जुनी. ज्ञानेश्वरी १२९० सालची, नेवाशाला सांगितलेली. तिच्या पहिल्याच अध्यायात माउली म्हणतात, की गीतेचा अर्थ सांगायला निघणं म्हणजे सूर्यापुढे काजव्याने मिरवणं (त्यांचा शब्द 'खद्योत'). म्हणजे सव्वासातशे वर्षांपूर्वी आपल्या गोदाखोऱ्यातल्या श्रोत्याला काजवा समजावून सांगावा लागत नव्हता.

सरकारी दप्तरात मात्र काजव्याला जागा नाही. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला. या सगळ्या काळात पाऊस मोजला गेला, आणेवारी निघाली, गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या मोजल्या गेल्या. काजव्यांसाठी रकाना कुणी आखला नाही, आणि आखायचं काही कारणही नव्हतं.

मग उरतात आठवणी. माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं. मिरगाच्या आसपास, पहिला पाऊस पडून गेला की ओढ्याकाठच्या झुडपांत हिरवट ठिणग्या दिसायच्या. मामा म्हणतो, "पोत्यानं होते." पण मामाच्या पोत्यावर इतिहास लिहिता येत नाही. तेव्हा आम्ही सगळे माळवदावर नाहीतर अंगणात बाजेवर झोपायचो, रात्री उठून शेताकडे जायचो. आता दारं लावून कूलरपुढे झोपतो. बघणारेच घरात गेल्यावर काजवे कमी दिसणार, यात नवल ते काय?

म्हणून दुसरी वाट धरली. काजव्याला जगायला काय लागतं, आणि त्या गोष्टींचं आपल्याकडे काय झालं?

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. जगात त्याच्या दोन हजारांवर जाती आहेत. चमकणारा काजवा जेमतेम काही आठवडे जगतो. त्याचं बाकीचं आयुष्य अळीच्या रूपात ओलसर मातीत, पालापाचोळ्याखाली जातं. ही अळी गोगलगायी, गांडुळं खाते. पुढे नर उडत उडत खूण करतो आणि गवतात बसलेली मादी उजेडानेच उत्तर देते. बऱ्याच जातींत मादीला पंखच नसतात. त्यामुळे एका ओढ्याकाठचे काजवे संपले, तर दुसरीकडून येऊन ती जागा भरणं सोपं नसतं. थोडक्यात, त्याला ओल हवी, न खणलेली जमीन हवी आणि अंधार हवा.

आधी ओल. मोटेच्या काळात विहिरीचं पाणी पाटातून वाहायचं, कडेला गवत आणि चिखल असायचा. नंतर मोटारी आल्या, बोअर आले, पाणी खोल गेलं. १९७२ चा दुष्काळ घरोघरी माहीत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. उभं झाड जिथे जगलं नाही, तिथे मातीतल्या अळीचं काय झालं असेल? पुढे ठिबक आलं. शेतकऱ्यासाठी ते चांगलंच, पण ओल झाडाच्या बुडापुरती राहिली.

मग जमीन. बांध अरुंद होत गेले, तणनाशकांनी उरलेलं गवत जाळलं. कापसावर फवारण्या वाढल्या. बीएचसीची पावडर आपल्या शेतांत वर्षानुवर्षं धुरळली गेली, तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. बोंडअळीसाठी मारलेलं औषध बोंडअळी आणि काजव्याची अळी यांत फरक करत नाही.

आणि अंधार. दहा-पंधरा वर्षांपूर्वी खेड्यांत तासन्‌तास भारनियमन असायचं. त्याला कुणी धन्यवाद दिल्याचं ऐकिवात नाही, काजव्यांनी मात्र दिले असतील! आता एलईडी स्वस्त झाले, गल्लीच्या टोकापर्यंत पांढरा लख्ख उजेड पोचला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून सुरू झाला, त्याच्या इंटरचेंजचे दिवे लांबून दिसतात. रात्री बाईमाणसाला निर्धास्त चालता यावं म्हणून दिवे हवेतच, मीच पहिली मागेन. पण रिकाम्या शेताकडे तोंड करून रात्रभर जळणारा हॅलोजन कुणासाठी?

हे नुसते माझे तर्क नाहीत. २०२० मध्ये सारा लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या काजवे-अभ्यासकांची मतं मागवून एक निबंध प्रसिद्ध केला. काजव्यांना सर्वांत मोठे धोके कोणते? अधिवास नाहीसा होणं, कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. आपल्याकडे ही तिन्ही संकटं थोड्याफार अंतराने एकाच शिवारात आली. म्हणून मोजणी नसली तरी माझा कौल 'कमी झाले' याच बाजूला आहे.

कुणी म्हणेल, एका किड्याचं एवढं काय? २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिवकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं. लोक हाताने गोगलगायी वेचत होते, दुबार पेरणी करत होते. काजवे असते तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा नाही. पण गोगलगाय खाणारा एक फुकटचा गडी आपण शिवारातून हाकलत आलो, एवढं नक्की.

आता उन्हाळ्यात आपलीच माणसं गाड्या करून भंडारदरा, पुरुषवाडीला काजवे बघायला जातात. जरूर जा. (गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी मात्र बंद ठेवा, नाहीतर तिथेही जालना होईल.) पण त्याआधी रोहिणी-मिरगात एकदा आपल्याच ओढ्याकाठी जाऊन बघा. दिवा विझवून दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, आणि वहीत लिहायचं: तारीख, जागा, पाऊस झाला होता की नाही, किती दिसले. एकही दिसला नाही तर शून्य लिहायचं, तीही नोंदच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारून घ्या, शेवटचे कधी आणि कुठल्या बांधावर दिसले. बाळूमामा, 'पोत्यानं' चालणार नाही, आकडा पाहिजे!

मी यंदापासून वही घातली आहे. पहिल्या पानावर दोन काजवे आहेत, दोन्ही आजोळच्या ओढ्याकाठचे.