भरपाईवरचा बोजा

दुरुस्तीला आलेलं घड्याळ मजुरी मिळेपर्यंत घड्याळजीनं ठेवून घ्यायचं, भाडं थकवणाऱ्या प्रवाशाची पेटी सराईवाल्यानं अडवायची, हा इंग्रजी कायद्यातला फार जुना हक्क. त्याचं नाव ‘लिअन’. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातला धारणाधिकार याच कुळातला. त्याचा सगळा जोर ताब्यात असे. वस्तू हातची गेली की हक्कही गेला. म्हणूनच तो अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या कामाचा नव्हता. बरा झालेला रोगी बिलासाठी अडकवून कसा ठेवणार?

मोटारी वाढल्या तशी ही अडचणही वाढली. रस्त्यावरून बेशुद्ध उचलून आणलेल्या माणसाची ऐपत कोण विचारणार? उपचार आधी, बिल मागून. पुढे धडक देणाऱ्याकडून भरपाई आली, तरी ती जखमीच्या हाती पडे आणि रुग्णालयाची उधारी तशीच राही. यावर राज्यांनी कायदे करून तोड काढली: नेब्रास्कानं १९२७ मध्ये, टेक्सासनं १९३३ मध्ये, कॅलिफोर्नियानं १९६१ मध्ये. माणूस अडवता येत नाही, तर त्याचा दावा अडवायचा. सातबाऱ्यावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढतो, तसं बिल भरपाईच्या दाव्यावर चढलं. नोटीस पोचूनही विमा कंपनीनं सगळी रक्कम परस्पर जखमीला दिली, तर रुग्णालय कंपनीलाच धरू लागलं. अजून हाती न आलेल्या पैशावर हक्क सांगता येऊ लागला.

मग सरकारही या रांगेत आलं. १९४४ मध्ये लॉस एंजेलिसला एका तेल कंपनीच्या ट्रकनं सैनिकाला उडवलं. सैनिकानं ३०० डॉलर घेऊन तडजोड केली. उपचारांचा खर्च मात्र सरकारनं सोसला होता. तो वसूल करायला सरकार कोर्टात गेलं. १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असा हक्क हवा असेल, तर तो काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, कायद्यानं निर्माण करावा. काँग्रेसनं तो १९६२ मध्ये केला. वृद्धांसाठीची मेडिकेअर योजना १९६५ मध्ये आली. १९८० मध्ये कायदा बदलला आणि अपघाताच्या खर्चात आधी दुसऱ्याचा विमा, मग मेडिकेअर असा क्रम लागला. मेडिकेअरनं मध्यंतरी भरलेले पैसे तडजोड होताच परत करायचे. मालकांच्या आरोग्य योजनांना १९७४ च्या एरिसा कायद्याचा आधार होता. त्यांनी वसुलीचं कलम आपापल्या योजनापत्रातच घातलं.

यात जखमीच्या हाती काय उरतं, हे २०१३ च्या मॅककचेन खटल्यात उघड झालं. जखमी मॅककचेनच्या उपचारांवर तो नोकरी करत असलेल्या विमानकंपनीच्या योजनेचे ६६,८६६ डॉलर गेले होते. भरपाई १,१०,००० मिळाली, त्यातले ४४,००० वकिलाचे. उरले ६६,०००, आणि योजनेनं आपले सगळे ६६,८६६ मागितले. न्यायालय म्हणालं, योजनापत्राचा शब्द बंधनकारक आहे. पण वकिलाच्या फीबद्दल ते गप्प असल्यानं, ज्याच्यासाठी पैसा वसूल झाला त्यानं वसुलीच्या खर्चाचा वाटाही उचलावा.

गरिबांसाठीच्या मेडिकेडला त्याआधीच, २००६ मध्ये, लगाम बसला होता. आर्कान्सातल्या एका तरुणीचं नुकसान तीस लाख डॉलरांवर ठरलं होतं, तडजोड झाली साडेपाच लाखांवर. राज्यानं मेडिकेडमधून भरलेले उपचारांचे २,१५,६४५ डॉलर पूर्ण मागितले. तिला नुकसानीचा साधारण सहावा हिस्सा मिळाला होता, म्हणून राज्यालाही तेवढ्याच प्रमाणात सुमारे ३५,५८१ मिळाले. वेदनांची आणि बुडालेल्या कमाईची भरपाई राज्याची नव्हे, असा निकाल लागला. २०२२ मध्ये गॅलार्डो खटल्यात तो लगाम थोडा सैल झाला: पुढच्या उपचारांसाठी मिळालेल्या रकमेलाही राज्य हात घालू शकतं.

त्यामुळे तडजोडीचा धनादेश आला तरी वकील लगेच वाटप करत नाही. प्रत्येक मागणी कुठल्या कायद्यातून आली, हे तो आधी तपासतो. रुग्णालयासाठी राज्याचा कायदा उघडायचा. त्याची मर्यादा दर राज्यात वेगळी. मेडिकेअर असेल, तर भरपाई मिळवण्यातला खर्च तिच्या येण्यातून वजा करून घ्यायचा. मेडिकेडला फक्त उपचारांचा हिस्सा दाखवायचा. मालकाची योजना असेल, तर मूळ योजनापत्र मागवून ओळ न् ओळ वाचायचं. जो बिलाचा आकडाच अंतिम मानतो, तो अशिलाचं नुकसान करतो.

हे कायदे वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या धन्यांसाठी झाले. एकत्र बसवायचं काम कुणी केलं नाही. म्हणून तोच पाय, तसाच मोडलेला, तेवढीच तडजोड. तरी दोघांच्या हाती वेगळी रक्कम पडते. ती जखमेवरून जितकी ठरते, तितकीच बिल कोणी भरलं यावरूनही.