बाळंतपणाची रजा आणि १९२८ चे भाषण

हिंदू कोड बिल आणि २७ सप्टेंबर १९५१ चा राजीनामा जयंतीच्या प्रत्येक भाषणात येतो. २८ जुलै १९२८ मात्र क्वचितच.

त्या दिवशी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे. यात दयेची भाषा नाही, हिशोब आहे. १९२९ ला कायदा झाला, पण खर्च मालकावर टाकून. बाई कामावर ठेवणे तोट्याचे, हे म्हणायला मालकाला कायद्यानेच निमित्त दिले! १९६१ च्या केंद्रीय कायद्यात आणि २०१७ च्या २६ आठवड्यांच्या दुरुस्तीतही, ईएसआय सोडले तर, तेच. वर दुकान-कार्यालयात किमान १० माणसे हवीत.

घाटकोपरच्या रमाबाई नगरातून मुलुंडच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करायला जाणाऱ्या आमच्या बहिणीने हा आकडा कुठून आणायचा? चार घरे, चार मालकिणी. सातव्या महिन्यात काम सुटते, बदली बाई टिकली की ते घर (तिच्या बोलीत घर म्हणजे काम) कायमचे जाते. २००८ च्या घरकामगार कल्याण मंडळाच्या कायद्यात बाळंतपणाला मदत आहे, पगारी रजा नाही. मंडळाच्या नोंदीवरून हा पगार सरकारी तिजोरीतून द्यावा, अशी आमची मागणी आहे.