चाचणी थांबली म्हणजे लस घातक? ‘गंभीर प्रतिकूल घटना’ कशी ठरते, जाणून घ्या

सप्टेंबर २०२० मध्ये ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या कोरोना लसीची चाचणी अचानक थांबली. ब्रिटनमध्ये चाचणीत सहभागी झालेली एक व्यक्ती आजारी पडली होती. पाठोपाठ पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही भारतातली चाचणी थांबवली. तपासणीनंतर त्याच महिन्यात दोन्ही देशांत चाचणी पुढे सुरू करण्याची परवानगी मिळाली.

अशा वेळी ‘सीरियस अ‍ॅडव्हर्स इव्हेंट’ (एसएई), म्हणजेच ‘गंभीर प्रतिकूल घटना’ हा शब्द कानावर पडतो. त्याचा नेमका अर्थ काय?

गंभीर कशाला म्हणतात?

भारतात यासाठी २०१९ चे नियम लागू आहेत. चाचणीदरम्यान पुढीलपैकी काहीही घडले, तर ती घटना गंभीर ठरते:

• मृत्यू
• जिवाला धोका
• रुग्णालयात दाखल व्हावे लागणे किंवा तिथला मुक्काम लांबणे
• कायमचे किंवा मोठे अपंगत्व
• बाळामध्ये जन्मजात व्यंग

तीव्र म्हणजेच गंभीर का?

नाही. डोके असह्य दुखले, पण गोळी घेऊन घरीच थांबले, तर त्रास ‘तीव्र’ असला तरी घटना ‘गंभीर’ नाही. साधी चक्कर आली आणि दवाखान्यात भरती व्हावे लागले, तर मात्र ती गंभीर. तीव्रता त्रासावरून ठरते, गांभीर्य परिणामावरून.

मग दोष औषधाचाच?

तसेही नाही. सहभागी व्यक्तीला रस्त्यात दुचाकीने उडवले आणि रुग्णालयात दाखल करावे लागले, तरी त्याची नोंद गंभीर घटना म्हणूनच होते. औषधाशी संबंध आहे का, हे वेगळे तपासले जाते. आधी नोंद, मग कारणाचा शोध. नोंद करतानाच ‘याचा औषधाशी संबंध नाही’ म्हणून घटना वगळल्या, तर खरा धोका कधीच दिसणार नाही.

पुढे काय होते?

संशोधक डॉक्टरांनी २४ तासांत औषध नियामक, चाचणी करणारी कंपनी आणि एथिक्स कमिटीला कळवायचे असते. सविस्तर अहवाल १४ दिवसांत द्यावा लागतो. इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर उपचार मोफत मिळतात. संबंध सिद्ध झाला, तर भरपाईही मिळते.

चाचणीत भाग घेताय?

संमतीपत्राची प्रत मागून घ्या. त्यात एथिक्स कमिटीचा संपर्क दिलेला असतो. त्रास किरकोळ वाटला तरी डॉक्टरांना सांगा. तो गंभीर आहे की नाही, हे त्यांना ठरवू द्या.