पाद्री, शेतकरी आणि न्यायाधीश. कोण होते सॅम्युअल मार्सडेन? वाचा सविस्तर

ऑस्ट्रेलियाच्या लोकर धंद्याचा इतिहास निघाला की सॅम्युअल मार्सडेन यांचं नाव येतंच. ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चचे पाद्री. जन्म १७६५ साली यॉर्कशायरमधल्या फार्सली गावात, लोहारकाम करणाऱ्या साध्या घरात.

१७९४ मध्ये ते सिडनीला आले. इंग्रजांनी ही वसाहत कैद्यांसाठी वसवली होती. जवळच्या पॅरामॅटा इथं मार्सडेन राहिले. सरकारनं जमीन दिली, काही त्यांनी विकत घेतली. निवडून नर ठेवून मेंढरांची जात सुधारली. १८०७ साली ते आपली लोकर घेऊन इंग्लंडला गेले. तिचं कापड पाहून राजा तिसरा जॉर्ज यानं त्यांना पाच मेरिनो मेंढ्या दिल्या.

न्यूझीलंडचा माओरी सरदार रुआतारा त्यांच्याकडे राहून शेती शिकला. गव्हाचं बी घेऊन गावी गेला. पण तिथं गहू कुणी पाहिलाच नव्हता. रताळ्यासारखे दाणे मुळाशी लागतील म्हणून लोकांनी उभं पीक उपटून पाहिलं, काही नाही म्हणून जाळून टाकलं. रुआताराचा गहू मात्र पिकला. यापासून भाकरी होते, हे लोकांना पटेना. १८१४ मध्ये मार्सडेन यांनी हातानं दळायचं जातं पाठवलं. डोळ्यांदेखत पीठ पडलं, तव्यावर भाजलं, तेव्हा खात्री पटली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मार्सडेन यांनी तिथं नाताळची प्रार्थना घेतली. हे मिशन चर्च मिशनरी सोसायटीचं. नाशिकचं शरणपूर वसवणारी हीच संस्था. १८१९ मध्ये त्यांनी केरीकेरीला द्राक्षवेली लावल्या. न्यूझीलंडमधली ही द्राक्षाची पहिली नोंद मानतात.

दुसरी बाजू

मार्सडेन न्यायाधीशही होते. १८०० मध्ये आयरिश कैदी बंड करणार, असा संशय आला. लपवलेली हत्यारं कुठं आहेत हे वदवून घेण्यासाठी पॅडी गॅल्विन या विशीतल्या पोराला ३०० फटके मारले. त्यानं तोंड उघडलं नाही. रविवारी प्रवचन देणाराच इतर दिवशी फटक्यांची शिक्षा सुनावायचा. मग कैद्यानं दाद मागायची कुणाकडं? लोकांनी त्यांना 'फटकेवाला पाद्री' हेच नाव पाडलं.

१२ मे १८३८ रोजी ते वारले. पॅरामॅटात त्यांची कबर आहे. न्यूझीलंडमध्ये त्यांचं नाव मानानं घेतात, ऑस्ट्रेलियात आजही फटके आठवतात.