गोधडी जाकीट (स्वेटरच्या मापावरून)

जुन्या सुती लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवून केलेल्या कापडाचे, पुढून उघडे, बाह्यांचे वस्त्र. भोर व वेल्हे (आता राजगड) या पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत गोधडी ओळखीचीच. तिचे जाकीट बेतताना घरातला अंगाबरोबर बसणारा स्वेटर नमुना म्हणून हाताशी येतो. त्याचा आकार घ्यावा, माप मात्र घेऊ नये. विणीतले फासे ताणले जातात, म्हणून स्वेटर छातीच्या घेरापेक्षा लहान असूनही चालतो. गोधडी ताणत नाही. शिवाय जाडी आतल्या बाजूची जागा खाते: गोधडी ५ मिमी जाड असेल, तर आतला घेर बाहेरच्यापेक्षा सुमारे ३ सेंमी कमी भरतो. धावदोऱ्यानेही कापड आवळते. म्हणून आधी गोधडी शिवावी, मगच अंगाच्या मापापेक्षा ढील ठेवून बेतावे.

धुऊन मऊ झालेले लुगडे अंगासरशी बसतेच, मग एवढी ढील कशाला, असा आक्षेप येईल. एका थराबाबत तो खरा आहे. चार थर टाक्यांनी जखडले की तो मऊपणा उरत नाही, आणि हे पहिल्यांदा जाणवते काखेत. तिथे चौकोनी तुकडा, म्हणजे बंडीतली बगल, घालणे उत्तम. नुसता घेर वाढवल्याने हात वर होत नाही.