युनिक्सचे परवाने आणि देवनागरी टर्मिनल

युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आली. तिची मालकी असलेल्या ए. टी. अँड टी. कंपनीवर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने दूरसंचाराबाहेरील व्यापाराची बंदी होती. त्यामुळे विद्यापीठांना ती अल्प मूल्यात मिळे. १९८४ च्या आरंभी कंपनीचे विभाजन झाले, बंदी सुटली आणि युनिक्स उघडपणे विक्रीस आली. ती वैयक्तिक संगणकासाठी सिद्ध करून विकणाऱ्या कंपन्यांस द्यावे लागणारे स्वामित्वशुल्क वापरकर्त्यांच्या संख्येनुसार चढत असे. परिणामी 'दोन वापरकर्त्यां'ची स्वस्त प्रत आणि 'अमर्याद वापरकर्त्यां'ची महाग प्रत असे दोन भाव बाजारात रूढ झाले. प्रणाली बहुतांशी एकच. स्वस्त प्रतीत तिसऱ्यास प्रवेश नाकारला जाई, इतकेच. येथे 'वापरकर्ता' म्हणजे माणूस नव्हे, तर एका वेळी चालू असलेला प्रवेश. (परवान्यांची भाषा अशा अर्थसंकोचाने भरलेली असते.)

पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि कानपूरच्या आय. आय. टी.त आरंभिलेले 'जिस्ट'चे कार्य तेथे पुढे चालले. त्याची दोन रूपे होती : एकट्या संगणकात बसवावयाचे कार्ड, आणि अनेकांच्या सामाईक यंत्रास जोडावयाचे टर्मिनल. टर्मिनलची योजना भाषाभ्यासकास विशेष लक्षणीय वाटावी. यंत्राकडे केवळ क, हलन्त, ष अशी संकेतांची माळ जाई. तिचा 'क्ष' घडविण्याचे काम टर्मिनल स्वतः करी. हेच संकेत 'इस्की' या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक ठरले. इस्कीमध्ये भारतीय अक्षरे आठ बिटांच्या संकेतांच्या वरच्या अर्ध्या भागात असल्याने, युनिक्सला देवनागरीचे ज्ञान नसले तरी चाले. आठवा बिट तिने न गाळता पुढे द्यावा, एवढीच अपेक्षा.

लिपीचा प्रश्न असा सुटला; खर्चाचा मात्र सुटला नाही. एक यंत्र घेऊन त्यास अनेक टर्मिनले जोडण्यात जी बचत होती, तिच्यावर परवान्याची मोजणी घाला घाली. दोघांचा परवाना घेतलेल्या कचेरीत तिसरा कारकून मराठीत लिहू इच्छील, तर त्याच्या टर्मिनलाबरोबर वरच्या श्रेणीचा परवानाही घ्यावा लागे. कार्डाच्या मार्गात ही अट नव्हती. तेथे प्रत्येकास स्वतंत्र संगणक द्यावा लागे. ज्या देशात एका यंत्रावर अनेकांनी काम करणे हीच गरज होती, तेथे प्रवेश मोजणारा परवाना अव्यवहार्यच म्हटला पाहिजे.

१९९१ मध्ये प्रकट झालेल्या लिनक्सने १९९२ पासून जी. पी. एल. परवाना स्वीकारला; त्यात वापरकर्त्यांची गणना मुळातच नाही. विंडोज एक्सपीची स्टार्टर आवृत्ती २००५ मध्ये भारतात प्रथम हिंदीतून आली, तेव्हा मोजणीचा विषय बदलला : ती एका वेळी तीनच आज्ञावल्या चालू देत असे.