पुढचा लॉकर शेवटी

गेल्या जुलैत खेड-शिवापूरच्या माझ्या शेडमध्ये एक मुलगा पिकअप घेऊन आला. टायर नवे, सस्पेन्शन उचललेलं, दारापर्यंत चिखल वाळलेला.

"काका, पुढच्या डिफरन्शियलला लॉकर बसवायचाय. कुठला घेऊ?"

"मागे आहे का?"

"नाही. पण पुढचा असला की गाडी कुठूनही ओढून निघते म्हणतात."

त्याच्या हातात चहा दिला आणि टेबलावर उघडून ठेवलेला जुन्या जीपचा डिफरन्शियल त्याच्यासमोर सरकवला. केज घट्ट धरून एका बाजूचा साइड गिअर पुढे फिरवला की मधले स्पायडर गिअर गरकन वळतात आणि पलीकडचा साइड गिअर तेवढाच उलटा जातो. तीस-पस्तीस वर्षं हेच काम करतोय, तरी ते फिरताना बघायला मला अजून आवडतं. ही युक्ती ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाची. १८२७-२८च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याने तिचं पेटंट घेतलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर एका पूर्ण फेऱ्यात ते आतल्या चाकापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं. पेकरने चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरायची सवलत दिली. पण उघडा डिफरन्शियल जोर दोघांना सारखाच वाटतो. चिखलात घसरणाऱ्या चाकाला जेवढा जोर पेलतो, तेवढाच कोरड्यावरच्या चाकाला मिळतो. म्हणून एक गरगरतं आणि दुसरं नुसतं उभं राहतं. लॉकर ही सवलत बंद करून दोन्ही चाकं एकत्र फिरवतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे पुढचे-मागचे दोन्ही डिफरन्शियल असे उघडेच होते. माझे वडील लष्कराच्या डिस्पोजलमधल्या जीपांवर हात बसवून मिस्त्री झाले. लॉकर हा शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. चाक रुतलं की दगड, फांद्या, गोणपाट, आणि मागून चार माणसं.

त्या जीपमधला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग मात्र वेगळाच आहे. पुढचं चाक ओढतंही आणि वळतंही. त्यासाठी एक्सलला चाकाजवळ असा सांधा लागतो, जो वाकलेला असतानाही एकसारखा फिरेल. फ्रान्समधला ट्रॅक्टा आणि अमेरिकेतला झेपा, हे दोन्ही सांधे १९२०च्या दशकातले. युद्धाच्या रेट्यात जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये ट्रॅक्टा, झेपा, बेंडिक्स-वाइस, स्पायसर, सगळ्या जातींचे सांधे घातले गेले. गाडीचा मागचा एक्सल म्हणजे सरळ दांडा. पुढचा म्हणजे मनगट.

लॉकरचा इतिहास या मनगटाभोवती अडून राहिला, असं मला वाटतं. डेट्रॉइटमध्ये १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपोआप लागणारा नोस्पिन लॉकर निघाला आणि युद्धातल्या ट्रकांना लागला. सरळ चालताना त्याचे दात दोन्ही चाकं एक करतात, वळताना जास्त पळणाऱ्या चाकाचे दात सुटतात. पण चारही चाकांना जोर असलेली डॉजची पॉवर वॅगन ही पिकअप १९४६ मध्ये बाजारात आली, आणि पुढे-मागे दोन्हीकडे विजेवर लागणारे लॉकर घेऊन तेच नाव परत आलं ते २००५ मध्ये. मधल्या काळात ज्यांनी पुढचा लॉक कारखान्यातून दिला, त्यांनी तो जपून दिला. ऑस्ट्रियात ग्राट्सला बनणारी १९७९ची जी-वॅगन घ्या, नाहीतर १९९० नंतरची लँड क्रूझर ८०. लँड क्रूझरचं बटण फिरवलं की आधी मागचा लागतो, आणखी फिरवलं की पुढचा. पुढचा एकटा लावताच येत नाही. २००३च्या जीप रुबिकॉनमध्येही हाच क्रम. आपल्या आकुर्डीच्या फोर्स कंपनीने २०१३ मध्ये गुरखा आणली आणि पुढे-मागे दोन्ही लॉक चालकाच्या हाताशी दिले, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान आहे.

आधी मागचा, मग पुढचा हा क्रम का, ते मी फार वर्षांपूर्वी भोरच्या वरच्या अंगाला शिकलो. एका जुन्या जीपच्या पुढच्या एक्सलला मी हौसेने आपोआप लागणारा लॉकर बसवला होता. पावसातली चढण, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, उजवं चाक हवेत. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि काडकन आवाज आला. उघड्या डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टवर एक्सलच्या जोराचा अर्धाच भाग येतो. लॉक लागल्यावर जमिनीवर टेकलेल्या एकट्या चाकाच्या शाफ्टवर सगळाच येऊ शकतो, आणि तेव्हा सांधा पुरता वाकलेला होता. तुकडे मी रुमालात गोळा करून आणले. चूक माझी होती. मालकाला ते काम फुकट करून दिलं.

तेव्हापासून पुढच्या एक्सलला मी चालकाच्या बटणावर चालणाराच लॉकर बसवतो. त्यातही हवेचा. ऑस्ट्रेलियातल्या एआरबीने १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ लॉकचे हक्क घेतले आणि त्यातून एअर लॉकर घडवला. कॉम्प्रेसरची हवा बारीक निळ्या नळीतून हाऊजिंगमध्ये जाते, पिस्टन सरकतो, साइड गिअर केजला जखडला जातो. बटण बंद केलं की हवा सुटते आणि स्प्रिंग लॉक मागे ढकलते. विजेच्या लॉकरला नळी नाही, कॉम्प्रेसर नाही. ज्याला वायरिंग सोपं वाटतं त्याने तो खुशाल घ्यावा. पण माझ्याकडे येणारे लोक डोंगरात टायरची हवा कमी करतात, आणि परतताना तोच कॉम्प्रेसर ती भरून देतो.

मुलगा सगळं ऐकून म्हणाला, "मग आधी मागचा."

मागचा बसवायला दोन दिवस गेले. क्राऊन-पिनियनचा प्ले मी तीनदा मोजला, दातांवर रंग लावून ठसा बघितला, मगच तेल भरलं. डॅशबोर्डला भोकं मात्र दोन पाडली. एकात बटण आहे. दुसऱ्यात सध्या रबरी बूच लावून दिलंय.